पांढऱ्या पट्टीवरची गाठ

टाचणीताईंच्या तोंडात दिवसाचे सात तास टाचण्या असायच्या. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात चार-पाच, डोकी बाहेर. त्या तशाच बोलायच्या, तशाच हसायच्या आणि मला शिव्याही तशाच घालायच्या. एक दिवस सोडला तर एकदाही टाचणी पडली नाही की टोचली नाही. अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसतेय, त्यामुळे हे छातीठोकपणे सांगते. त्यांनी टाचण्या तोंडातून काढून टाचणउशीवर खोचल्या, की समजायचं, आता काहीतरी गंभीर आहे. एवढ्या वर्षांत असं फार थोड्या वेळा झालं आणि त्यातल्या दोन वेळा एकाच आठवड्यात. त्याच आठवड्याचं सांगते. त्यात माझी लाज आहे, पण सांगायलाच बसलेय तर अर्धवट कशाला सांगू!

आमची शिवणखोली म्हणजे एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्याला चिकटलेली लांबोडकी खोली. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, पडदे, सगळं आमच्या टेबलावर येतं. शिवण्यासारखं असेल ते आम्ही शिवतो आणि बाकीच्याची गाठोडी बांधून शेजारच्या कोठीत ठेवतो. प्रत्येक गाठोड्याला कापडाची पट्टी बांधायची. पांढरी म्हणजे चांगलं, वॉर्डात परत. निळी म्हणजे दुरुस्तीला. लाल म्हणजे संसर्गाच्या वॉर्डातलं टाकाऊ, ते भट्टीत. लाल पट्टीचं काही उघडायचं नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मंगळवारी आणि शुक्रवारी भट्टीवाले मामा ढकलगाडी घेऊन येतात, लाल दिसेल ते उचलतात आणि मागच्या आवारात नेऊन जाळतात. मामा विचारत नाहीत आणि आम्ही सांगत नाही. तसेही त्यांना कमीच ऐकू येतं, भट्टीच्या घरघरीने कान गेलेत.

हे सगळं मला टाचणीताईंनी शिकवलं. एकतीस वर्षं झाली त्यांना तिथे. घरी त्या आणि त्यांच्या दोन म्हाताऱ्या मांजरी, एवढाच संसार. मी डावरी, म्हणून मला 'डावरे' अशी हाक. माझी गाठ उलटी पडते यावरून अकरा वर्षं टोमणे खाल्लेत मी. त्यांची गाठ बघावी, कशी चपटी, सारखी, ओढा की सैल होत नाही. "तुझी गाठ म्हणजे भांडण आहे नुसतं," म्हणायच्या.

या बाईला जगात एकाच गोष्टीची भीती होती, विसरण्याची. त्यांची आई शेवटची सहा वर्षं सगळं विसरत गेली. आधी किल्ल्या, मग रस्ता, मग माणसं. एक दिवस आईने लेकीला खुर्ची दिली आणि विचारलं, "तुम्ही कुणाकडे आलात?" ताई ते सांगायच्या तेव्हा हसून सांगायच्या, पण हात मशीनवरच थांबायचा. हल्ली त्यांनी चिंध्यांवर खुणेच्या शाईने लिहून एप्रनला टाचायला सुरुवात केली होती. 'दुपारी गोळी.' 'मोठी कात्री.' 'मांजरींचं खाणं.' मी चिडवायचे, "ताई, तुम्ही सूचनाफलक झालात अगदी." त्यांनी एकदाच मला बजावलं होतं, "डावरे, मी काही विसरले तर तोंडावर सांगायचं. आणि विसरले नसेन, तर तेही सांगायचं. शपथ घे." मी घेतली. शपथ घ्यायला काय जातं!

चिंधी, म्हणजे ताईंनी हे नाव ठेवलेली मांजर, आली ती कपडे वाळवायच्या यंत्रामागे. ऊब असते तिथे. भुरी, कानाला चीर गेलेली, अंगावर हाडं आणि डोळेच फक्त. ताईंनी चार दिवस तिला लपवून खाऊ घातलं. पाचव्या दिवशी धुलाईखान्याच्या साहेबांना एका धुतलेल्या चादरीवर केस सापडले. ते ओरडले नाहीत, त्याचीच भीती वाटली. म्हणाले, "इस्पितळाच्या कपड्यांत मांजर! शुक्रवारपर्यंत बाहेर, नाहीतर मी पकडणारी माणसं बोलावतो." आता खरं सांगायचं तर त्यांचं काय चुकलं? पण त्या वेळी मला त्यांची चांगलीच चीड आली होती.

सोमवारी सकाळी आम्ही दोघी तिला झाकणाच्या वेताच्या टोपलीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेलो. ताईंचा बेत साधा होता. तपासायचं, सुया टोचून घ्यायच्या आणि घरी न्यायचं. दोन होत्या, तीन होतील. डॉक्टरणीने दोन थेंब रक्त काढलं आणि एका छोट्या पांढऱ्या डबीत टाकलं. दहा मिनिटांनी डबीवर दोन रेघा उमटल्या. डॉक्टरणीने त्या आम्हाला दाखवल्या आणि हातमोजे काढून खुर्ची ओढली. डॉक्टर माणूस मुद्दाम खुर्ची ओढून बसलं की मी दाराकडे बघायला लागते.

"मांजरांचा ल्युकेमिया आहे," ती म्हणाली. "विषाणूमुळे होतो, थुंकीतून पसरतो. एका बशीत खाल्लं, एकमेकींना चाटलं, की झालं. पण माणसाला लागत नाही बरं का, अजिबात नाही. फक्त मांजरांना."

"बरा होतो?" ताईंनी विचारलं.

"नाही. महिन्याभराने पुन्हा तपासू, पण आशेवर राहू नका. घरात, एकटी, नीट सांभाळली तर दोन-तीन वर्षं चांगली जातील. क्वचित जास्त, क्वचित कमी. बाहेर सोडलीत तर ती जाईलच, आणि गल्लीतल्या चौघींना घेऊन जाईल. तुमच्या घरी मांजरी आहेत? मग तुमच्या घरी नाही. प्राण्यांच्या आसऱ्यातही नाही, तिथे पन्नास मांजरं एकत्र असतात."

मी पुढचं नीट ऐकलंच नाही. माझ्या कानात एकच शब्द अडकला होता. माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना त्या शब्दाने गेला. त्याचाही रक्ताचाच आजार, तो कुणाला लागणारा नव्हता, डॉक्टरांनी शंभरदा सांगितलं होतं. तरी आई त्याचा पेला वेगळ्या फळीवर ठेवायची, आणि मी तेरा वर्षांची घोडी, त्याने प्यालेल्या पेल्याला दोन बोटांनी धरायची. त्याला कळायचं. तो काही म्हणायचा नाही, पण बघायचा. आज इतकी वर्षं झाली, तो बघतोयच माझ्याकडे.

शिवणखोलीत आल्यावर ताईंनी टाचण्या तोंडातून काढल्या. ही पहिली वेळ. "हे बघ डावरे," त्या म्हणाल्या, "चार दिवस आहेत. घर शोधायचं. मांजर नसलेलं घर, आणि मांजर आवडणारा माणूस."

ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा. औषधाच्या दुकानातली बाई हरखून गेली, "अगं बाई, आण ना!" आणि तिच्या घरी आधीच तीन. इस्पितळाच्या स्वयंपाकघरातली मुकादम मांजरासाठी जीव टाकणारी, म्हणून तिच्याकडे दोन. ज्यांना मांजर आवडतं त्यांच्याकडे मांजर असतंच, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना ते डोळ्यांसमोर नको असतं. सोमवारी संध्याकाळपर्यंत ताईंनी अकरा दारं वाजवली. बाराव्या दाराशी एक निवृत्त मास्तर भेटले. त्यांचं मांजर गेल्या वर्षी वारलं होतं, घर रिकामं. त्यांनी ताईंना दुसऱ्या दिवशी दुपारी यायला सांगितलं.

"नावं लिहिलीस का सगळ्यांची?" मी विचारलं, आणि जीभ चावली. 'तुम्ही' म्हणायचे मी त्यांना नेहमी, घाबरले की 'तू' निघतं तोंडातून. ताई हसल्या. मी मात्र एक विचारलं नाही. माझ्या घरी मांजर नव्हतं. ताईंना ते माहीत होतं, माझ्या भावाचंही माहीत होतं. त्यांनी बारा दारं वाजवली आणि माझ्या दाराचं नावही काढलं नाही.

मंगळवारी चिंधी टोपलीत, टोपली कोठीत. साहेब अचानक आले तर दिसू नये म्हणून खिडकीखाली, गाठोड्यांच्या आड ठेवलेली. बारा वाजता ताई मास्तरांकडे निघाल्या. तोंडात टाचण्या तशाच. "झाकण बांधलंय," मला म्हणाल्या. "तू हात लावू नकोस, तुला नको वाटतं ना? साहेब आले तर फक्त दार लोट."

मी कोठीत लाल गाठोडी बांधत होते. लाल पट्टीचा रीळ खांद्यावर. आठ-दहा गाठोडी झाली असतील, तोच मागे खरखर झाली. वळून बघते तर टोपलीचं झाकण वर आलेलं! वेत गुळगुळीत, ताईंनी बांधलेली पांढरी पट्टी घसरत घसरत वर जाऊन बांगडीसारखी निघाली होती आणि चिंधीचं डोकं बाहेर. मी झाकण दाबायला गेले आणि तिने माझा अंगठा चाटला. सकाळीच तिथे सुई टोचली होती, रक्त आलं होतं. नेमकी तीच जागा.

काय सांगू तुम्हाला! सगळ्या अंगातून वीज गेली माझ्या. माणसाला लागत नाही, लागत नाही, लागत नाही, डोकं घोकत होतं. हात ऐकतात का? एका हाताने मी झाकण दाबलं, निघालेली पट्टी एप्रनच्या खिशात कोंबली, दुसऱ्या हाताने खांद्यावरच्या रिळाची पट्टी फाडली आणि टोपलीला दोन वेढे देऊन करकचून बांधली. कुणी हात लावू नये, एवढंच होतं मनात. अकरा वर्षं मी हेच करतेय. ज्याला हात लावायचा नाही, त्याला लाल.

मग मी मोरीत गेले. जंतुनाशकाने अंगठा घासला, पुन्हा घासला, साल निघेपर्यंत घासला. तिथेच उंबऱ्यावर बसून राहिले. किती वेळ गेला देव जाणे. परत आले तर कोठी रिकामी. गाठोडी नाहीत, टोपली नाही. आणि मी मूर्ख बाई, मला काय वाटलं माहितेय? मला वाटलं, मास्तर हो म्हणाले, ताई येऊन टोपली घेऊन गेल्या. जीव भांड्यात पडला माझा! मी मशीनवर बसले आणि चक्क गुणगुणत एक पडदा शिवला.

अडीच वाजता ताई आल्या. एकट्याच. चेहरा उतरलेला. मशीनपाशी येऊन टाचण्यांच्या फटीतून म्हणाल्या, "मास्तर नाही म्हणाले. रडले बिचारे. म्हणाले, दोन वर्षांनी पुन्हा तेच बघायचं, माझ्याने होणार नाही." मग कोठीच्या दाराकडे बघून, "झोपलीय का ती?"

माझा पाय मशीनवरून निसटला. "तुम्ही नाही नेलीत?"

"मी? मी आत्ता येतेय ना."

त्या कोठीत गेल्या. मी मागोमाग. जमीन रिकामी. ताईंनी खिडकीखालच्या जागेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग आम्ही दोघींनी एकदमच खिडकीबाहेर बघितलं. मागच्या आवारातल्या चिमणीतून धूर निघत होता.

सत्तावन्न वर्षांची बाई, दोन्ही गुडघे गेलेले. मी तिच्यामागे धावत होते आणि ती मला सापडत नव्हती. उतार उतरलो, वाफेच्या नळांची बोळकंडी ओलांडली, बाहेर आवारात आलो. मला दम लागला होता, पण तो धावण्याने नाही. दर पावलाला मला एक आवाज ऐकू येईल असं वाटत होतं, आणि तो येत नव्हता, भट्टीच्या घरघरीत कुठलाच आवाज येत नव्हता. भट्टीच्या खोलीचं लोखंडी दार बंद. दाराबाहेर ढकलगाडी उभी होती. ती रिकामी होती.

ताईंनी दारावर दोन्ही हातांनी मारलं. मी मारलं. "मामा! मामा!" आतून काही नाही. बहिऱ्या माणसाला भट्टीच्या आवाजात काय ऐकू येणार? मी दगड उचलून दारावर आपटला. ताई खाली बसल्या, तशाच, मातीत. त्यांच्या ओठातून रक्त येत होतं. टाचण्या तोंडात ठेवूनच धावल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना टाचणी टोचली होती.

दार उघडलं. मामा, तोंडाला फडकं, घामाने निथळलेले. आम्हाला बघून त्यांनी फडकं खाली केलं.  ताईंनी हातानेच टोपलीचा आकार दाखवला.

मामांनी मान हलवली आणि आवारापलीकडच्या त्यांच्या खोलीकडे बोट केलं. एकच खोली, एक खिडकी. आत खाटेवर टोपली उघडी होती आणि चिंधी त्यांच्या उशीवर बसून पंजा चाटत होती.

"गाठोडी गार असतात," मामा म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं, जरा मोठ्याने. "ही गरम लागली हाताला. नियम आहे उघडायचं नाही. पण गरम लागली."

ताईंनी चिंधीला उचलून छातीशी धरलं आणि हमसून हमसून रडल्या. मी दाराला टेकून उभी होते. रडू मलाही येत होतं, पण मी कुठल्या तोंडाने रडणार?

मग ताई सावरल्या. खरी बाई ती, लगेच कामाला लागली. मामांना ओरडून ओरडून सगळं सांगितलं. आजार, थुंकी, वेगळी बशी, शुक्रवार. मामांनी ऐकून घेतलं.

"माणसाला लागतो?"

"नाही!"

"दुसऱ्या मांजरांना?"

"हो! म्हणून तर!"

"मग इथे राहू दे. या आवाजाला भिऊन इकडे मांजर फिरकत नाही," मामा म्हणाले. "माणूसही फिरकत नाही." आणि ते त्यांनी अगदी सहज सांगितलं. मला आठवलं, अकरा वर्षांत मी त्यांच्या हातून पाण्याचा पेलासुद्धा घेतला नव्हता. संसर्गाचं जाळणारा माणूस, म्हणून.

"दोन वर्षंच जगेल कदाचित!" ताईंनी तेही ओरडून सांगितलं. लपवायचं नाही, ही त्यांची रीतच.

"ऐकू आलं," मामा म्हणाले. "बशी कसली, उथळ की खोल?"

झालं. घर मिळालं. गोष्ट इथे संपली असती तर मी सुटले असते. पण ताईंनी खाटेवरची लाल पट्टी उचलली आणि तिच्याकडे बघत राहिल्या. मग तोंडातल्या टाचण्या काढल्या, रक्ताळलेल्या, एकेक करून एप्रनला खोचल्या. ही दुसरी वेळ.

"डावरे, मी पांढरी बांधली होती," त्या म्हणाल्या. "मला दिसतेय. पांढरी पट्टी, माझे हात. अगदी स्वच्छ दिसतंय. पण ही लाल आहे." त्यांनी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. "आईलाही असंच सगळं स्वच्छ दिसायचं गं."

माझा हात एप्रनच्या खिशात होता. पांढरी पट्टी माझ्या मुठीत होती. मी बोलायला तोंड उघडलं आणि मला ती रिकामी ढकलगाडी दिसली, आणि ताई मातीत बसलेल्या दिसल्या, आणि मी तोंड मिटलं. 'आत्ता नको. त्या आधीच हादरल्यात.' असं मी स्वतःला सांगितलं. भित्र्या माणसाला कारण बरोबर सापडतं.

बुधवारी ताईंनी तोंडात एकही टाचणी धरली नाही. "चुकून गिळेन," म्हणाल्या. प्रत्येक गाठोड्याची पट्टी त्या मला विचारून बांधायच्या, "ही निळी ना? निळीच ना?" गुरुवारी एप्रनवर चिंध्या वाढल्या. एकीवर त्यांनी स्वतःचा पत्ता लिहिला होता. ती चिंधी बघून मी डबा तसाच झाकून ठेवला. दुपारी म्हणाल्या, "उद्या साहेबांकडे अर्ज देते. या खेपेला मांजर वाचलं. उद्या ऑपरेशनच्या चादरीत माझी टाचणी राहिली तर? घरी बसलेलं बरं." आणि थोड्या वेळाने, शिवता शिवता, "घरी तरी काय, मांजरींना ओळखेन तोवर ओळखेन."

तरी मी गप्प. तुम्हाला माझा राग येत असेल, येऊ द्या, मलाही येतो.

संध्याकाळी ताईंनी मला चिंधीचं खाणं घेऊन मामांकडे पाठवलं. स्वतः गेल्या नाहीत, वाटेत चुकेन म्हणाल्या. समोरच्या आवारात! मामांच्या दाराशी मी डबा ठेवला आणि वळणार, तोच त्यांनी थांबवलं. खुंटीवरची लाल पट्टी काढली. गाठ तशीच ठेवून त्यांनी ती कापली होती.

"बाई, ही गाठ तुमची," मामा म्हणाले. "गाठीला धरूनच आत टाकतो मी सगळं. ताईंची गाठ हाताला कळतसुद्धा नाही. तुमची टोचते."

मी हात एप्रनच्या खिशात घातला.

"मी कुणाला बोलणार नाही," ते म्हणाले. "ताई काल येऊन गेल्या. मांजरीकडे बघत नव्हत्या. सारख्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या." त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली आणि डबा उचलला. आत चिंधी त्यांच्या पायात घोटाळत होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांचं कुणीतरी बघावं तसं बघितलं, निदान मला तरी तसं वाटलं.

शुक्रवारी मी ताईंच्या आधी पोचले. त्या आल्या, हातात घडी घातलेला अर्ज. मी पांढरी पट्टी त्यांच्या मशीनवर ठेवली. बांगडीसारखी गोल, गाठ अजून तशीच, न सुटलेली.

ताईंनी ती उचलली. गाठीवरून अंगठा फिरवला. डोळे मिटून फिरवला.

"माझी आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"कुठली?"

"टोपलीची. मंगळवारची. ती घसरून निघाली होती, चिंधी बाहेर येत होती. लाल मी बांधली ताई. मला भीती वाटली, तिने अंगठा चाटला, आणि मी... मीच बांधली. तुम्ही पांढरीच बांधली होती. तीन दिवस माझ्या खिशात होती ही."  शिव्या येतील, थप्पड येईल, काहीही येईल म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले.

काहीच आलं नाही. मी वर बघितलं. ताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र असा झाला होता, की इतका आनंद मी त्या चेहऱ्यावर कधी बघितला नव्हता.

"मी पांढरीच बांधली होती?"

"हो ताई."

"नक्की?"

"तुमच्या हातात आहे की."

"पुन्हा सांग."

"तुम्ही पांढरी बांधली होती. तुम्ही काही विसरला नव्हता."

त्या मटकन खुर्चीत बसल्या. पट्टी गालाला लावून बसून राहिल्या. मग हळूहळू चेहरा पालटला आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेला मी आजही भिते. "तीन दिवस," त्या म्हणाल्या. "तीन रात्री मी आईसारखी मरत होते, डावरे. आणि तू शेजारी बसून पडदे शिवत होतीस." एवढंच. अर्ज त्यांनी फाडला, एप्रनवरच्या टाचण्या काढून तोंडात धरल्या आणि मशीन सुरू केलं. पंधरा दिवस माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, तोंडात टाचण्या आहेत.

महिन्याभराने डॉक्टरणीने चिंधीला पुन्हा तपासलं. पुन्हा दोन रेघाच. मामा म्हणाले, बरं, आणि टोपली उचलून घरी गेले. तिचं वजन थोडं वाढलंय. जाईल कधीतरी, लवकरच जाईल, मला रोज सकाळी मामांच्या खोलीकडे बघताना भीती वाटते. खाणं द्यायला मीच जाते. परवा तिने पुन्हा अंगठा चाटला. मी हात मागे घेतला नाही, पण डोळे मिटले होते.

ताई अजून माझ्या शेजारी बसतात. एप्रनवरच्या चिंध्या आता बऱ्याच कमी झाल्यात, पत्त्याची तर त्यांनी त्याच दिवशी फाडली. एक मात्र नवी आहे, डाव्या खांद्याजवळ, चारी बाजूंनी बारीक टाके घालून शिवलेली. दुसऱ्या एप्रनवर तशीच दुसरी आहे. खुणेच्या शाईने लिहिलंय, 'पट्टी पांढरी होती.' आणि खाली बारीक अक्षरात, 'डावरीला विचारा.'